खास आपल्यासाठी बनवलेली जाहिरात

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला. पाठवणारा माझ्या खालाचा मुलगा. आम्ही मूळचे चिपळूणचे. भाई वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला, मिशिगनमध्ये डिअरबॉर्नजवळ राहतो, आता तिथला नागरिक आहे आणि म्हणून मतदारही. स्क्रीनशॉटमध्ये कमला हॅरिस आणि त्यांचे पती डग एम्हॉफ होते. मजकुराचा सूर कौतुकाचा: एम्हॉफ ज्यू आहेत, हॅरिस इस्रायलच्या पाठीशी ठाम उभ्या आहेत, या जोडप्यावर इस्रायलने विसंबून राहावं. खाली भाईने एवढंच लिहिलं होतं, "घ्या, आता स्वतःच छाती ठोकून सांगतायत."

ग्रुपवर तासाभरात चाळीसेक मेसेज पडले. गाझामधल्या मुलांचे फोटो, 'लानत' असे दोन-तीन, एका मामूंचा लांबलचक व्हॉइस मेसेज. मीही रागाची एक खूण चिकटवून मोकळा झालो. ती जाहिरात हॅरिस यांच्या प्रचाराची आहे याबद्दल कुणालाच शंका आली नाही. मलाही नाही, आणि मी चार वर्षं जाहिरातींचं सॉफ्टवेअर लिहून पोट भरलेला माणूस आहे.

ती जाहिरात हॅरिस यांची नव्हती. 'फ्युचर कोअलिशन पॅक' नावाच्या संस्थेची होती. पॅक म्हणजे निवडणुकीत खर्च करण्यासाठी पैसा उभी करणारी संस्था; उमेदवारापासून ती कागदोपत्री वेगळी असते. ही संस्था हॅरिस यांना पाडण्यासाठी काम करत होती. तिला ज्या संघटनेकडून पैसा आला तिच्यामागे इलॉन मस्क यांचा पैसा असल्याच्या बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांनी छापल्या. आणि खरी गंमत पुढे आहे. त्याच दिवसांत त्याच संस्थेने पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ज्यू वस्त्यांमध्ये दुसऱ्या जाहिराती चालवल्या. त्यांत हॅरिस इस्रायलला दगा देणाऱ्या आणि पॅलेस्टिनींची तळी उचलणाऱ्या होत्या. एकच बाई, एकच महिना, एकाच तिजोरीतला पैसा. डिअरबॉर्नमध्ये ती इस्रायलची सखी, पेनसिल्व्हेनियात ती पॅलेस्टाइनची.

हे वाचलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया संतापाची नव्हती, हे कबूल करतो. पहिली प्रतिक्रिया धंद्यातल्या माणसाची होती: काम चोख केलंय. मग मात्र घाम फुटला.

ते कसं होतं ते सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की फोन आपलं बोलणं ऐकतो आणि जाहिरात दाखवतो. इतकी कटकट करायची गरजच नसते. गूगलने २०२० पासून निवडणुकीच्या जाहिरातींसाठी नियम कडक केले. वय, स्त्री की पुरुष आणि राहण्याचं ठिकाण, माणूस निवडायला एवढंच वापरता येतं. फेसबुकच्या मालक कंपनीने जानेवारी २०२२ पासून धर्म आणि राजकीय मतं यांच्याशी जोडलेले पर्याय काढून टाकले. म्हणजे "फक्त मुसलमानांना दाखवा" असं बटण नाही. कागदावर छान दिसतं. पण ठिकाण पिनकोडपर्यंत निवडता येतं, आणि डिअरबॉर्नचा पिनकोड टाकला की धर्म विचारावाच लागत नाही. मालेगाव, मुंब्रा, भिवंडी किंवा पुण्यातला कोंढवा टाकल्यावर काय होईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपण वस्त्यांत राहतो. कधी आपल्या मर्जीने, बहुतेक वेळा दुसरीकडे घर मिळत नाही म्हणून. ज्या भिंतीने आपल्याला एका जागी कोंबलं, तीच आता जाहिरातदाराला आपला पत्ता देते.

पुढे जाण्याआधी माझा पक्ष सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला तटस्थ समजून फसायला नको. मी अमेरिकेचा मतदार नाही. असतो, आणि मिशिगनमध्ये असतो, तर हॅरिस यांना मत दिलं असतं. दातओठ खाऊन दिलं असतं, पण दिलं असतं. डोनाल्ड ट्रम्प मुसलमानांसाठी जास्त वाईट होते, हे कळायला २०२५ उजाडण्याची गरज नव्हती. मात्र हॅरिस यांच्या पक्षाने आपल्या लोकांना ज्या तऱ्हेने वागवलं ते पाहून मला त्यांची वकिली करताना लाज वाटते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

नकारात्मक प्रचार आणि मुसलमान यांचं अमेरिकेतलं नातं जुनं आहे. फरक इतकाच की आधी आपण त्यातली शिवी होतो.

२००८ आठवा. तुमच्यापैकी काही जण तेव्हा शाळेत असाल, मी इंजिनिअरिंगला होतो. बराक ओबामा छुपे मुसलमान आहेत, असे ईमेल लाखोंनी फिरत होते. त्यांच्या नावातला 'हुसेन' मुद्दाम लांबवून उच्चारला जायचा. त्या सप्टेंबरमध्ये 'ऑब्सेशन' नावाचा माहितीपट, कट्टर इस्लाम पश्चिमेवर चाल करून येतोय असं सांगणारा, जवळपास २ कोटी ८० लाख डीव्हीडींच्या रूपात वर्तमानपत्रांमधून वगैरे वाटला गेला, आणि तोही प्रामुख्याने काठावरच्या राज्यांत, जिथे निकाल कुठेही झुकू शकतो. १० ऑक्टोबर २००८ ला मिनेसोटातल्या लेकव्हिलच्या सभेत एका वयस्क बाईने जॉन मॅककेन यांच्यासमोर माइक धरून सांगितलं की ओबामांवर तिचा भरवसा नाही, ते अरब आहेत. मॅककेन यांनी माइक काढून घेतला आणि म्हणाले: नाही बाई, ते सभ्य, कुटुंबवत्सल माणूस आहेत, नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी फक्त मतभेद आहेत.

या उत्तराचं आजही कौतुक होतं, आणि आपल्याच गर्दीला गप्प करायला हिंमत लागते हे मी मान्य करतो. पण ते उत्तर पुन्हा वाचा. "अरब आहेत." "नाही, सभ्य माणूस आहेत." जणू या दोन विरुद्ध गोष्टी आहेत.

मॅककेन यांना हा खेळ आतून माहीत होता, म्हणून ते जास्त बोचतं. २००० साली उमेदवारीसाठी ते जॉर्ज बुश यांच्याशी लढत होते तेव्हा साउथ कॅरोलायनात मतदारांना फोन जाऊ लागले. जनमत चाचणीचं सोंग होतं. प्रश्न असा, की मॅककेन यांना एक अनौरस काळं मूल आहे असं कळलं तर तुम्ही त्यांना मत द्याल का? मॅककेन पतिपत्नीने बांगलादेशातल्या अनाथालयातून एक मुलगी दत्तक घेतली होती. तिच्या सावळ्या रंगावर ती अफवा उभी केली गेली. मॅककेन ते राज्य हरले आणि पुढे उमेदवारीही. त्या फोनमध्ये विधान एकही नव्हतं, फक्त प्रश्न होता. खोटं बोलल्याचा आरोप तरी कुणावर करणार?

ओबामांच्या बाजूने काय झालं? त्यांच्या प्रचाराने अफवांना उत्तर द्यायला खास वेबसाइट काढली आणि त्यात ते ख्रिस्ती आहेत हे पुन्हा पुन्हा सांगितलं. जून २००८ मध्ये डेट्रॉइटच्या सभेत हिजाब घातलेल्या दोन मुलींना मंचामागच्या, कॅमेऱ्यात दिसणाऱ्या जागी बसू दिलं गेलं नाही. ओबामांनी नंतर फोन करून माफी मागितली, हे खरं. पण संपूर्ण प्रचारात ते एकाही मशिदीत गेले नाहीत. अध्यक्ष झाल्यावर अमेरिकेतल्या मशिदीत त्यांनी पहिलं पाऊल ठेवलं ते बाल्टिमोरमध्ये, फेब्रुवारी २०१६ मध्ये. कारकिर्दीच्या आठव्या वर्षी. अफवा पसरवणाऱ्यांनी मुसलमान ही शिवी ठरवली आणि शिवी खाणाऱ्याने ती झटकली. शिवी आहे हे दोघांनाही मान्य होतं.

त्या वर्षी एकच माणूस सरळ बोलला आणि तोही विरोधी पक्षातला. १९ ऑक्टोबर २००८ ला माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल टीव्हीवर म्हणाले की बरोबर उत्तर हे आहे की ओबामा मुसलमान नाहीत. पण खरं उत्तर हे आहे की असले तर काय? या देशात मुसलमान असणं गैर आहे का? मग त्यांनी करीम रशाद सुलतान खान या विशीतल्या सैनिकाबद्दल सांगितलं. इराकमध्ये मारला गेलेला, आर्लिंग्टनच्या लष्करी कब्रस्तानात दफन केलेला, दगडावर चांदतारा, आणि त्या दगडाला डोकं टेकून बसलेली त्याची आई. मी ती क्लिप हॉस्टेलच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पाहिली होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. तो पोरगा ज्या युद्धात मेला, त्या युद्धासाठी संयुक्त राष्ट्रांत फेब्रुवारी २००३ मध्ये शस्त्रास्त्रांचे खोटे ठरलेले दाखले मांडणारे हेच पॉवेल, हे मला बऱ्याच वर्षांनी डोक्यात जुळलं. तरी ते वाक्य खरंच आहे. माणूस आणि वाक्य वेगळं करायला शिकावं लागतं.

नंतर ट्रम्प आले आणि आडपडदा उरला नाही. ७ डिसेंबर २०१५ ला त्यांनी अमेरिकेत मुसलमानांना येण्यास पूर्ण बंदी घाला असं निवेदन काढलं. २७ जानेवारी २०१७ ला, सत्तेवर आल्यावर आठवड्याभरात, सात मुस्लिमबहुल देशांवर प्रवेशबंदीचा हुकूम निघाला. त्यात येमेन होता. डिअरबॉर्न आणि शेजारच्या हॅमट्रॅम्क गावात येमेनी लोक भरपूर. कित्येकांच्या बायका-मुलं तिकडे अडकली. जो बायडेन यांनी ती बंदी २० जानेवारी २०२१ ला, पहिल्याच दिवशी उठवली. जेरुसलेमला इस्रायलची राजधानी म्हणून मान्यता, गोलान टेकड्यांवर इस्रायलचा हक्क मान्य, पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेची मदत बंद, हे सगळं ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतलं. आणि २७ जून २०२४ च्या वादचर्चेत, गाझा जळत असताना, ट्रम्प बायडेन यांना म्हणाले की इस्रायलला काम उरकू द्या. बायडेन तर पॅलेस्टिनीसारखे झालेत, फार वाईट पॅलेस्टिनी. २००८ मध्ये 'मुसलमान' ही शिवी कुजबुजत दिली जायची. सोळा वर्षांनी 'पॅलेस्टिनी' ही शिवी देशासमोर, माइकवर.

चार महिन्यांनी त्याच ट्रम्प यांच्या शेजारी नोव्हायच्या सभेत मंचावर इमाम उभे होते. १ नोव्हेंबरला ते डिअरबॉर्नला जाऊन आले. हॅमट्रॅम्कच्या मुसलमान महापौरांनी त्यांना पाठिंबा दिला होता. हे घडलं कसं?

भाईशी माझं भांडण झालं ते इथेच. ती जाहिरात कुणाची होती याच्या बातम्या मी ग्रुपवर टाकल्या, तेव्हा त्याने मला वेगळा फोन केला.

"खोटं काय होतं त्यात?" तो म्हणाला. "हॅरिस इस्रायलच्या बाजूने नाहीत?"

"आहेत."

"शस्त्रं थांबवणार म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या."

"मग पाठवणारा कोण का असेना."

मला लगेच उत्तर सुचलं नाही. ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला होता: ७ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या एका वर्षात अमेरिकेने इस्रायलच्या लष्कराला किमान १७.९ अब्ज डॉलर दिले. बायडेन-हॅरिस यांच्या सरकारने दिले. भाई म्हणाला, "तू पुण्यात बसून हिशेब वाचतोस. माझ्या पगारातून टॅक्स कापला जातो. त्या बॉम्बमध्ये माझे पैसे आहेत." यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

पण त्याच्या पहिल्या प्रश्नावर आहे. खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ती जाहिरात २००८ च्या ईमेलपेक्षा धोकादायक होती. ईमेल खोटा होता, तो पकडता येत होता. ही खरी होती, पण तिला अर्धाच माणूस दिसत होता. हॅरिस इस्रायलच्या बाजूने आहेत. बरं, मग पाठवणारा कुणाच्या बाजूने आहे? त्याचा उमेदवार काय करेल? यावर एक अक्षर नाही. नकारात्मक जाहिरातीची ही खास सोय असते, की तिला स्वतःकडून काहीही कबूल करावं लागत नाही. राग आपला होता, हक्काचा होता. तो कुठे ओतायचा ते दुसऱ्याने ठरवलं.

म्हणून मी नकारात्मक प्रचाराच्या सरसकट विरोधात नाही. उमेदवाराचे दोष सांगायचे नाहीत तर निवडणूक कशाला? त्याच मिशिगनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये 'अनकमिटेड' चळवळीने काय केलं पाहा. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत बायडेन यांच्याऐवजी मतपत्रिकेवरच्या 'कुणालाही नाही' या अर्थाच्या खान्यावर खूण करा, असं सांगितलं. एक लाखाहून जास्त लोकांनी केली. हा नकारात्मक प्रचारच होता. पण करणाऱ्यांची नावं उघड होती, मागणी उघड होती: युद्ध थांबवा, शस्त्रं थांबवा. जे मुसलमानांना सांगितलं तेच ज्यूंना, तेच विद्यापीठातल्या गोऱ्या पोरांना. सप्टेंबरमध्ये त्यांनी हॅरिस यांना पाठिंबा द्यायला नकार दिला, आणि त्याच निवेदनात सांगितलं की ट्रम्प यांना मत देऊ नका, आणि तिसऱ्या पक्षाला दिलेल्या मताने ट्रम्प यांचा फायदा होऊ शकतो हेही लक्षात ठेवा. मला ही भूमिका त्या सबंध वर्षातली सर्वात प्रौढ भूमिका वाटते. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या त्यांनी.

आणि ज्यांना हा राग ऐकायचा होता त्यांनी कानांत बोळे घातले. ऑगस्टमध्ये शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात ओलीस ठेवलेल्या इस्रायली तरुणाच्या आईवडिलांना मंच दिला, ते योग्यच होतं; पण एका पॅलेस्टिनी-अमेरिकी व्यक्तीला काही मिनिटं बोलू द्या ही विनंती फेटाळली. ऑक्टोबरमध्ये मिशिगनच्या रॉयल ओक इथल्या हॅरिस यांच्या कार्यक्रमातून एका मुसलमान डेमोक्रॅटला कारण न सांगता बाहेर काढलं आणि नंतर माफी मागितली. सोळा वर्षांपूर्वी हिजाबवाल्या मुलींची मागितली तशीच. मतदानाला आठवडा उरला असताना बिल क्लिंटन यांना मिशिगनला पाठवलं आणि ते बोलून गेले की हमास नागरिकांत लपते, स्वतःचा बचाव करायचा तर नागरिक मारायला ती भाग पाडते. हॅरिस यांच्या सोबत मंचावर लिझ चेनी. इराक युद्धाचे शिल्पकार डिक चेनी यांची मुलगी, अरबांच्या राज्यात! कुणी सल्ला दिला असेल?

हॅरिस यांचा प्रचारही शेवटी नकारात्मकच होता. ट्रम्प हुकूमशहा होतील, लोकशाही धोक्यात आहे. खरं असेल, मला खरंच वाटतं. पण ज्याच्या नातेवाइकांवर बॉम्ब पडतायत त्याला "समोरचा वाईट आहे" एवढंच सांगून मत मागायचं, आणि स्वतः काय देणार ते सांगायचं नाही? मग मस्क यांच्या पैशाने पाठवलेली जाहिरात कमाल करून गेली यात नवल काय. जमीन हॅरिस यांच्या माणसांनीच नांगरून ठेवली होती.

निकाल आपल्याला माहीत आहे. डिअरबॉर्नमध्ये २०२० मध्ये बायडेन यांना दोन तृतीयांशांहून जास्त मतं होती. २०२४ मध्ये ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, हॅरिस यांना ३६ आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८. भाईचं मत त्या १८ मधलं. ट्रम्प यांना त्याने कधीच दिलं नसतं.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, कारण निकालानंतर दुसरा अपप्रचार सुरू झाला: मुसलमानांनी हॅरिस यांना पाडलं. साफ खोटं. मिशिगन ट्रम्प यांनी सुमारे ८० हजार मतांनी जिंकलं, पण काठावरची सातही राज्यं त्यांनी जिंकली. हॅरिस यांना २२६ निर्वाचक मतं मिळाली. मिशिगनची १५ त्यात घातली तरी २४१ होतात, आणि लागतात २७०. डिअरबॉर्नच्या एकूण एक माणसाने हॅरिस यांना मत दिलं असतं तरी त्या हरल्याच असत्या. ज्यांनी आधी आपलं ऐकलं नाही त्यांनी नंतर आपल्यावर खापर फोडलं. हे आपल्याला महाराष्ट्रात नवीन नाही.

त्यामुळे माझी तक्रार निकालाची नाही. तक्रार ही आहे की ज्याने आपला राग विकत घेतला त्याने किंमत दिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये युद्धविराम झाला. त्यात ट्रम्प यांच्या दबावाचा वाटा होता, नाकारत नाही. तो मार्चमध्ये इस्रायलने मोडला. बायडेन यांनी रोखलेले दोन हजार पौंडी बॉम्ब ट्रम्प यांनी सत्तेवर येताच सोडले. ४ फेब्रुवारीला नेतन्याहू यांच्या शेजारी उभं राहून ते म्हणाले की गाझा अमेरिका ताब्यात घेईल आणि तिथल्या लोकांनी दुसरीकडे जावं. 'अरब अमेरिकन्स फॉर ट्रम्प' या गटाने दुसऱ्याच दिवशी आपल्या नावातून ट्रम्प काढून टाकले. हॅमट्रॅम्कच्या महापौरांना कुवेतच्या राजदूतपदासाठी नामनिर्देशन मिळालं. ४ जूनला नवी प्रवेशबंदी आली, बारा देशांवर, ९ जूनपासून लागू. येमेन पुन्हा यादीत.

आता आपल्याकडे वळतो, थोडक्यात, कारण हा लेख अमेरिकेवर आहे. तिथलं मतदान ५ नोव्हेंबर २०२४ ला झालं आणि महाराष्ट्र विधानसभेचं २० नोव्हेंबरला. पंधरा दिवस माझ्या फोनवर दोन्ही निवडणुका एकत्र चालू होत्या. शेजारच्यांच्या फोनवर 'व्होट जिहाद' होता, तो आपण लगेच ओळखतो, कारण त्यात शिवी आपल्याला आहे. पण आमच्या ग्रुपवर येत होतं ते वेगळं: अमुक पक्षाने तुम्हाला गृहीत धरलंय, किती मुसलमानांना तिकीट दिलं मोजा, या वेळी धडा शिकवा, घरी बसा. आकडे खरे होते. तिकिटं खरोखरच कमी होती. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मी डिअरबॉर्नच्या जाहिरातीने पोळलेला नसतो तर पुढे ढकललाच असता.

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारतो. हा मेसेज बनवणारा हाच मेसेज माझ्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जोशीकाकांना पाठवेल का? अनकमिटेडवाल्यांनी पाठवला असता. फ्युचर कोअलिशनवाल्यांनी त्यांना बरोबर उलटा पाठवला असता. निवडणुकीच्या जाहिरातींचा साठा गूगल आणि फेसबुक दोघांकडे सर्वांना पाहता येतो. पैसा कुणी दिला, कुठे दाखवली, हे त्यात असतं. शोधायला पाच मिनिटं लागतात. व्हॉट्सॲपवर मात्र असा साठा नाही. तिथे फक्त पाठवणारा भाई असतो, आणि भाईवर आपण विश्वास ठेवतो.

बकरी ईद गेल्या वर्षी अमेरिकेत ६ जूनला होती, आपल्याकडे ७ ला. मी भाईला मुबारकबाद द्यायला फोन केला. बंदी जाहीर होऊन दोन दिवस झाले होते. त्याच्या मशिदीत एक येमेनी जोडीदार आहे, त्याच्या बायकोचा व्हिसा होईल अशी आशा होती, आता काय होणार कुणाला माहीत. नमाजनंतर लोक त्याच्या गळ्यात पडत होते आणि काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं, असं भाई म्हणाला.

थोडं थांबून मी विचारलं, ती जाहिरात आठवते का?

"आठवते."

"कुणाची होती ते मी पाठवलं होतं."

"मला आधीच शंका होती," भाई म्हणाला. "हॅरिस बाई डिअरबॉर्नमध्ये असलं काही छापतील इतक्या वेड्या नाहीत."

"मग ग्रुपवर का टाकलीस?"

पलीकडे पोरांचा गलका चालू होता, कुणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं. "राग आला होता रे," तो म्हणाला. "आणि त्या वेळी दुसरं कुणीच आमच्याशी बोलत नव्हतं."